खाकी शर्टातली ट्यूब

ह्यांच्या खाकी शर्टाच्या खिशात ती ट्यूब सापडली, तेव्हा मी ओढ्यावर धुणं धूत होते आणि शेजारच्या दगडावर आमच्या गल्लीतली शेवंताकाकी बसली होती. धुण्याआधी खिसे चाचपायची सवय मला लग्नापासूनची. विडीची थोटकं निघायची, नाक्याच्या पावत्या निघायच्या, कधी आमच्या लेकीसाठी, सुवर्णासाठी, आणलेली नि विसरलेली गोळी निघायची. त्या दिवशी हाताला काहीतरी मऊ लागलं. काढून बघते तर मलमाची ट्यूब. निम्मी पिळलेली आणि खालून नीट गुंडाळत आणलेली. पाठीमागं बारीक अक्षरात छापलेलं: खाज, खरूज, गजकर्ण.

‘काय गं मालन, काय घावलं?’ काकीनं मान लांब केली.

‘काय न्हाई. चुन्याची ट्यूब.’

ती मी कमरेला खोचली आणि शर्ट दगडावर असा आपटला की दोन गुंड्या उडून ओढ्यात गेल्या. मनात पाल चुकचुकत होती ती महिनाभर. आज तिला पुरावा मिळाला.

कारण खाज मलाही होती. आणि अशा जागी होती की चारचौघांत हात नेता येत नाही, कुणाला सांगता येत नाही, आणि सहनही होत नाही. दिवसा कामात कसंबसं निभायचं, पण कारखान्यातून घरी येऊन जरा टेकलं की सुरू. खाजवलं की आग, आग झाली की पाणी, पाणी सुकलं की पुन्हा खाज. आईला सांगावं तर ती गावात नाही, सासूला सांगावं तर तिनं साऱ्या भावकीला सांगितलं असतं.

साल अठ्ठ्याण्णव. चंदगड तालुक्यातलं आमचं गाव, मी काजूच्या कारखान्यात, आणि हे ट्रकवर ड्रायव्हर. बेळगावात भाजी भरायची, आंबोलीचा घाट उतरून म्हापशाला टाकायची. आठवड्यातले चार दिवस गाडीवर, तीन दिवस घरी. त्या काळी ड्रायव्हरच्या बायकोला सुखानं झोप येत नसे. एसटी स्टँडच्या भिंतीवर, दवाखान्याच्या भिंतीवर, अगदी आमच्या शाळेच्या भिंतीवरसुद्धा लाल रंगात एड्सच्या पाट्या रंगवलेल्या असायच्या आणि पाटीत हटकून एक ट्रक काढलेला असायचा. सुवर्णा तेव्हा तिसरीत होती. तिनं एकदा विचारलं, ‘आई, ह्यो आपल्या बाबांचा ट्रक काय?’ मी तिला धपाटा घातला. पण प्रश्न माझाच होता.

तर मी खाजेचे उपाय करत होते. आधी कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं धुतलं. मग मीठ घालून. मग जखमेवर लावायचं वासाचं औषध बादलीत ओतून. कपड्याच्या साबणानं भागेना म्हणून बाजारातून गुलाबाच्या वासाचा साबण आणला. दिवसातून तीनदा आंघोळ. जितकं धुवावं तितकी आग वाढायची, आणि जितकी आग वाढेल तितकं मी धुवायची. काहीतरी घाण अंगाला लागलीय आणि ती माझी नाही, एवढं मात्र मनाशी पक्कं होतं.

हे मनाशी पक्कं करायला अक्काताईनं हातभार लावला.

अक्काताई कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. पन्नाशीची, काटक, तोंडाची फटकळ, डोळे सदा तांबडे. चौदा वर्षं काजू फोडत होती. नवऱ्याला सोडून एकटी राहायची. मी आधी साल काढायच्या खोलीत होते, पण नागपंचमीनंतर सुबराव मुकादमानं मला फोडायच्या खोलीत घातलं. तिथं उकडलेली बी मशीनच्या पात्यात धरायची, पायानं दांडा दाबायचा, टरफल दुभंगलं की आतला गर काढायचा. टरफलात काळं तेल असतं. हाताला लागलं तर कातडी सोलून निघते, म्हणून बायका बसायच्या आधी हाताला एरंडेल चोळायच्या आणि वर चुलीतली राख फासायच्या. संध्याकाळी सुटी झाली की मुकादम साबणाची एक वडी द्यायचा, ती पंचवीस बायकांत फिरायची.

मी बसल्या जागी चुळबुळ करते हे अक्काताईनंच हेरलं.

‘खाली खाजतंय?’ तिनं बी पात्यात धरत विचारलं. आवाज इतका साधा की बाजारभाव विचारत असावी.

मी हातातली बी उगाच फिरवली.

‘लाजू नगंस. दादला डायवर, न्हवं?’

‘व्हय.’

‘मग सांगायला कशाला पायजे?’ तिनं खाडकन दांडा दाबला. ‘माझा बी डायवर हुता. एसटीवर. मला बी असंच झालं. देवाच्या शपता घेतल्यान, पोराच्या डोक्यावर हात ठेवल्यान. मी म्हटलं, शपत घालून खाज जात न्हाई. निघालो तशी परत गेलो न्हाई.’

अक्काताई आमच्या भागातल्या जुन्या बायकांसारखी स्वतःबद्दल ‘गेलो, आलो’ असंच बोलायची. मला तिचा वचक होता आणि थोडा अभिमानही. बाई एकटी राहते, कुणाचं ऐकून घेत नाही. पुढं कधीतरी कळलं, की तिचा नवरा दर दिवाळीला लुगडं घेऊन कारखान्याच्या फाटकाशी उभा राहायचा आणि ही मागच्या दारानं निघून जायची. मी फोडायच्या खोलीत यायच्या तीन वर्षं आधी तो वारला, तेव्हा लुगड्यांच्या फेऱ्या थांबल्या.

‘पन माझं नक्की न्हाई, अक्का,’ मी म्हणाले.

‘मग ध्यान ठेव. तो घरात आसला की वाडतंय काय, आनि नसला की उतरतंय काय. आपोआप कळंल.’

मी ध्यान ठेवलं. आणि काय सांगू, अगदी तसंच निघालं. गौरी-गणपतीत कारखाना पाच दिवस बंद होता. गोव्यात चतुर्थीला भाजीला मोठी मागणी, म्हणून हे सबंध आठवडा गाडीवर. मी चिडले होते, सणाला माणूस घरी नाही म्हणून. पण तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की खाज नाही. पाचव्या दिवशी तर मी विसरूनच गेले. गौरी गेल्या, हे आले, सोमवारी कारखाना सुरू झाला आणि बुधवारपर्यंत पुन्हा तीच गत.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. पण आता ट्यूब हाती लागली होती. ती मी ह्यांना न सांगता स्वतःला लावून बघितली, आणि दोन दिवस एकदम आराम पडला. आराम पडल्याचा आनंद व्हावा, तर मला रडू कोसळलं. एकच औषध दोघांना लागू पडलं, म्हणजे रोग एकच. आणखी काय लिहून द्यायचं राहिलं?

मी सुवर्णाला मध्ये घालून झोपू लागले. ह्यांनी एकदा विचारलं, ‘बरं न्हाई काय?’ मी म्हटलं, ‘हाय बरं.’ त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही, मीही नाही. पण मी बघत होते. खुर्चीवरून उठताना हे लेंगा ओढून सारखा करायचे. आंघोळीला गेले की लवकर बाहेर येत नसत. आणि माझ्याकडं असे बघायचे, की काहीतरी विचारायचंय पण धीर होत नाही. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हणायची.

मग तो मंगळवार आला.

त्या आठवड्यात हे बुधवारी सकाळी घरी आले. नेहमीसारखा डबा ठेवला, पाय धुतले, चहा मागितला. संध्याकाळी कारखान्यातून येताना मी पिठाच्या गिरणीत गेले तर तिथं ट्रकमालकाची बायको दळण घेऊन आलेली. ती म्हणाली, ‘बरं झालं बाई, ह्या खेपेला गाडी लौकर लागली. मंगळवारी सकाळी अकरालाच आली की.’

मंगळवारी अकरा. ट्रकमालकाच्या वाड्यापासून आमचं घर चालत वीस मिनिटांवर. म्हणजे एक सबंध दिवस हे कुठंतरी होते, आणि ते कुठंतरी आमचं घर नव्हतं.

घरी येऊन भाकरी थापता थापता, तोंड चुलीकडंच ठेवून मी विचारलं, ‘काल कुटं हुतासा?’

मागं चहाची बशी खाली ठेवल्याचा आवाज. मग, ‘घाटात गाडी बिगडली हुती.’

‘कुटल्या घाटात?’

‘आंबोलीच्या. स्प्रिंगचा पाटा तुटला.’

माझी भाकरी तव्यावर करपली. तेरा वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी खोटं बोललेला मला ठाऊक नव्हता. दारू प्यायले तर पिऊन आलो म्हणून सांगायचे. आणि आज इतकं सरळ खोटं, पाट्यासकट.

दुसऱ्या दिवशी मी भावाला चिठ्ठी धाडली, की रविवारी न्यायला ये. ट्रंक काढली. माझी लुगडी नि सुवर्णाचे झगे भरले. सुवर्णा विचारत होती, ‘आई, मामाकडं किती दिवस?’ मी घड्या घालत होते, कारण उत्तर मलाच ठाऊक नव्हतं. भरता भरता हे दारात येऊन उभे राहिले.

‘ह्ये काय?’

मी ट्यूब त्यांच्या पायाशी टाकली. ‘तुमीच सांगा ह्ये काय.’

ट्यूबकडं बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला नाही. तांबडा झाला. ते मला विचित्र वाटलं.

‘मी माहेरला चालले,’ मी म्हणाले. ‘पन तशी जानार न्हाई. गडहिंग्लजला मगदूम डॉक्टरीणबाई हाय. तिच्याकडनं कागुद लिहून घेनार, रोग कुनी आनला त्येचा. मग भाऊ-भावकी काय म्हनायचं ते म्हनूदेत. चला माझ्यासंगं, हिंमत आसंल तर.’

मला वाटलं होतं, आता नाही-हो करतील, पाया पडतील. पण हे म्हणाले, ‘चल. मलाबी त्येच बगायचं हाय.’

इतकं निर्लज्ज उत्तर मी जन्मात ऐकलं नव्हतं.

शनिवारी सकाळी सुवर्णाला सासूजवळ सोडून आम्ही पहिल्या गाडीनं निघालो. मी खिडकीशी, हे कडेला, मध्ये माझी पिशवी. पिशवी मुद्दाम ठेवली होती. दीड तासाचा रस्ता. एसटी खड्ड्यात आदळली की मी दात खाऊन बसायची आणि हेही कळवळायचे, ते मी डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपत होते.

मगदूम बाईंचा दवाखाना स्टँडच्या मागं. बाई साठीच्या, केस पिकलेले, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी ह्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत घेतलं. मी पदर तोंडाशी धरून सगळं सांगितलं, ट्यूबपासून मंगळवारपर्यंत. मंगळवार त्यांनी विचारला नव्हता.

‘आणि आता कागद हवाय तुला,’ बाई म्हणाल्या.

‘व्हय. एड्स हाय काय त्याचाबी.’

‘खाज सुटली म्हणजे एड्स झाला, असं कुठं असतं? रक्त तपासायचं तर दोघांचंही तपासू, मनातला किडा तरी मरेल. झोप तिकडे, आधी बघू दे.’

त्यांनी दिवा लावून नीट तपासलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ती जागा तपासत होतं, आणि मला वाटत होतं धरणीनं पोटात घ्यावं. बाई मात्र आपल्या कामात. पांढरं जातं का? नाही. दह्यासारखं? नाही. वास? नाही. लघवीला जळजळ? बाहेरच्या बाहेर. लघवीतली साखर तपासली, ती नव्हती. आतून कापसाची काडी फिरवून काचेवर पुसली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

‘आत काही नाही. बुरशी नाही, जंतू नाहीत. जे आहे ते बाहेरच्या कातडीवर आहे. कशाकशानं धुतेस?’

मी पाढा वाचला. कडुलिंब, मीठ, औषध, गुलाबाचा साबण. बाईंनी कपाळाला हात लावला.

‘अगं, ती जागा आहे की भांडं? घासून काढलीस सगळी. पण हे तू नंतर सुरू केलंस. आधी कशानं झालं?’ मग एकदम माझ्या तोंडाकडं बघत म्हणाल्या, ‘डोळ्यांना काय झालंय?’

‘रडून सुजल्यात.’

‘खाजतात?’

मी थबकले. खाजत होते. पापण्यांवर बारीक पुरळ होतं, ते मी रडण्याच्या खात्यात टाकलं होतं.

‘खाज कधी कमी असते?’

‘ह्ये घरात नसले की! गनपतीत पाच दिवस नव्हते, तवा पार थांबली.’ शेवटी मुद्द्यावर आलो म्हणून मी उठून बसले.

‘गणपतीत तू काय करत होतीस?’

‘घरात हुते. कारखाना बंद.’

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. माझा हात त्यांनी हातात घेतला, बोटं नाकाजवळ नेली आणि हुंगली. तळहात उलटा केला. नखांच्या कडांना काळं तेल कायमचं बसलेलं.

‘काजू फोडतेस? कधीपासून?’

‘नागपंचमीपासनं. आदी साल काढत हुते.’

‘आणि खाज?’

‘त्येच्यानंतर… पंदरा दिसांनी.’

‘कामावर असताना लघवीला जातेस, तेव्हा हात कधी धुतेस?’

हा काय प्रश्न? ‘जाऊन आल्यावर.’

‘आणि जायच्या आधी?’

‘आदी कशाला धुवायचं?’

विचारून टाकलं आणि माझ्याच कानाला ते ऐकू आलं. एरंडेल, राख आणि टरफलाचं काळं तेल माखलेले हात. त्याच हातानं पाणी घेऊन मी ती जागा धुवायची. दिवसातून चार वेळा. त्याच हातानं डोळे पुसायची.

‘तळहाताची कातडी जाड, तिला कळत नाही,’ बाई म्हणाल्या. ‘पापणीची आणि खालची कातडी पातळ, तिला लगेच कळतं. हे तेल नुसत्या पाण्यानं जात नाही. आधी खोबरेल चोळून फडक्यानं पुसायचं, मग साबण लावायचा, मग जायचं. सगळं जग जाऊन आल्यावर हात धुतं. तू आधीही धू.’

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो मी महिनाभर घालत होते.

‘पन ट्यूब?’ मी हट्टानं म्हणाले. ‘ट्यूबनं दोघांनाबी गुन आला की.’

‘ती ट्यूब कुणालाही दोन दिवस गप्प बसवते. म्हणून रोग एक ठरत नाही. खाजेची कारणं पन्नास असतात गं. कुणाला साखरेनं, कुणाला बुरशीनं, कुणाला साबणानं, पाळी गेल्यावर कोरडेपणानं. नवऱ्याकडूनही काही येतात, नाही असं नाही. पण तू एकच चोर धरून ठेवलास आणि बाकीच्यांना घरात मोकळं सोडलंस. बोलाव त्यांना आत.’

हे आत आले. बाईंनी पडद्यामागं नेऊन बघितलं. दोन मिनिटांत बाहेर.

‘जांघेत गजकर्ण आहे. इंजिनाच्या गरम सीटवर आठ-आठ तास बसायचं, घामानं भिजलेली चड्डी तशीच घालायची, मग होणार नाही तर काय? त्यात ही ट्यूब. वरून बरं वाटतं नि आतून पसरतं. हिचं वेगळं, तुमचं वेगळं. हिला तुमचं लागलं नाही आणि तुम्हाला हिचं लागलं नाही.’

ह्यांनी मान वर केली. ‘हिचं? मला लागलं न्हाई?’

‘नाही.’

ह्यांनी असा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

बाईंनी दोघांना वेगवेगळी औषधं दिली. ती ट्यूब मागून घेतली आणि केराच्या डब्यात टाकली. मला सांगितलं, आता काही लावून धुवायचं नाही, साधं पाणी, मऊ फडक्यानं टिपायचं, आग झाली तर गार पाण्याची घडी, सुती कपडा, आणि हे मलम आठ दिवस. ह्यांना महिनाभराचं मलम, टॉवेल वेगळा, चड्डी रोजची रोज. शेवटी मला म्हणाल्या, ‘आतले कपडे कुठं वाळत घालतेस?’

‘लुगड्याच्या आत. कुनाला दिसू न्हाईत म्हनून.’

‘उन्हात घाल. लोकांना दिसू दे.’

कागद मी मागितला नाही.

स्टँडवर गाडीला तासभर अवकाश होता. ह्यांनी दोन चहा आणले. बाकावर बसलो, पिशवी आता खाली पायाशी. सुटल्यासारखं वाटत होतं, तरी एक काटा तसाच होता. रोग कारखान्यातला होता, पण मंगळवार काही कारखान्यात हरवला नव्हता.

‘एक इचारू?’ मी म्हणाले. ‘मंगळवारी कुटं हुतासा? पाटा-बिटा सांगू नगासा.’

ह्यांनी कपातल्या चहाकडं बघितलं. ‘तुज्या कारखान्यासमोर.’

‘काय?’

‘समोरच्या चहाच्या टपरीत. बारापासनं पाच वाजेपतोर. रात गाडीतच काढली.’

‘कशाला?’

‘बगायला.’ त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला वाकावं लागलं. ‘सुबराव मुकादमानं तुला एकाएकी दुसऱ्या खोलीत घेतलं. त्येच्यानंतर तू दिसातनं तीनदा आंगोळ करायला लागलीस. वासाचा साबन आनलास. मी जवळ आलो की पोरीला मदी घालतीस. डोळं रडून सुजल्यालं. आनि मला ही खाज सुटली. मी म्हटलं, मी तर कुटं गेलो न्हाई. मग ही आली कुटनं?’

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी बाकावरून उठले. काय संताप आला म्हणून सांगू. माझ्यावर संशय? माझ्यावर? आणि कुणावरून, तर त्या सुबरावावरून, ज्याच्या तोंडात मोजून सहा दात होते! मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आपण महिनाभर काय करत होतो ते आठवलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, यात आम्ही दोघंही सारखेच हुशार निघालो होतो.

‘मग काय दिसलं?’ मी बसत विचारलं.

‘काय न्हाई. तू दोन डाव भाईर आलीस. भिताडाला टेकून डोळं पुसत हुतीस. मला हाक मारावी वाटली. पन मारून काय इचारू?’

दोघंही एकाच दिवशी, एका रस्त्याच्या दोन बाजूंना, एकमेकांसाठी रडकुंडीला आलो होतो आणि मध्ये फक्त एक रस्ता होता. मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात वर नेला तर ह्यांनी मनगट पकडलं.

‘हात धुतलास?’

रविवारी भाऊ आला. त्याला मटण जेवायला घालून परत पाठवला. रक्ताचे कागद आठ दिवसांनी आले, दोघांचेही स्वच्छ.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती कुणालाही हसत सांगितली असती. इतकी वर्षं सांगितली नाही, ती सोमवारमुळं.

सोमवारी मी कामावर जाताना पदराखालून खोबरेलची बाटली, जुनं फडकं आणि गुलाबाच्या साबणाची उरलेली वडी नेली. संडासाबाहेर नळाच्या कट्ट्यावर मांडून ठेवली. अक्काताई मधल्या सुटीत माझ्या मागोमाग आली.

‘गेली हुतीस म्हनं गडिंग्लजला. घावला काय चोर?’

‘घावला, अक्का.’ मी उत्साहात होते. सगळं भडाभडा सांगत सुटले. तेल, पापण्या, पातळ कातडी, गणपतीची सुटी. ‘ह्येंचा काय दोष न्हाई. आपलंच हात. जायच्या आदी धुवायला पायजेत, एवढंच.’

बोलताना मी तिच्या डोळ्यांकडं बघितलं. चौदा वर्षं तांबडे असलेले डोळे. पापण्यांवर बारीक पुरळ. आणि माझं तोंड बंद झालं, पण फार उशिरा.

‘जायच्या आदी?’ अक्काताई म्हणाली.

‘व्हय.’

‘दिवाळीच्या सुटीत… माझी बी उतरायची,’ ती स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली. ‘कारखाना बंद आसायचा. एसटीच्या जादा गाड्या सुटायच्या, तो बी ड्यूटीवर आसायचा. मी म्हनायचो, बग, नसला की उतरती. सोडल्यावर बी गेली न्हाई, तवा म्हटलं, त्येनं कायमचीच दिलीया.’

तिनं नळ सोडला. खोबरेल घेतलं, एकेका बोटाला चोळलं, फडक्यानं पुसलं, साबण लावला. धुतलं. पुन्हा साबण लावला. आतून सुटी संपल्याची घंटा झाली, बायका मशीनवर बसल्या, मुकादमानं दोनदा हाक मारली. ती हात धूतच होती.

‘अक्का, बास,’ मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ‘निगालं तेल.’

‘न्हाई निगालं,’ ती म्हणाली, आणि तिनं परत साबण घेतला.